मार्सडेनचा कवी, रामटेकचा ढग

२४ जून २०२५, मंगळवार. हडर्सफील्ड

लेकीने हडर्सफील्डला घर घेतलं. एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची रांग असते ना, त्यातलं टोकाचं. जिन्यावर गालिचा टाकायचा होता, म्हणून जिना मोजायचं काम माझ्याकडे आणि नातीकडे आलं. मी खाली टेपचं टोक धरून बसलो, ती डबी घेऊन वर निघाली. "आबा, शून्य सोडू नका हं!" मग वरून हसण्याचा आवाज आला. "आबा, ही तर आमच्या पुस्तकातली कविता झाली!"

पोरगी नुकतीच दहावीसारखी परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. इकडे तिला जीसीएसई म्हणतात. ती पुस्तक घेऊन खाली आली आणि पायरीवर बसून मला कविता समजावून सांगू लागली. एक तरुण मुलगा नव्या घराची मापं घेतोय, मदतीला आई आली आहे. आई शून्याचं टोक धरून खाली उभी, मुलगा एकेक खोली मोजत वर चाललाय. टेप उलगडत जाते, ताणत जाते. शेवटी तो माळ्याच्या झडपेपाशी पोचतो. झडपेपलीकडे नुसतं आभाळ. आता पडायचं की उडायचं, ते त्याचं त्याने ठरवायचं. आईच्या बोटांच्या चिमटीत शेवटचा इंचाचा शंभरावा भाग अजून आहेच.

कविता सायमन आर्मिटेजची, १९९३च्या 'बुक ऑफ मॅचेस'मधली. आगपेटीतली एक काडी ओढावी आणि ती विझायच्या आत सांगून व्हावं एवढंच सांगायचं, अशा बेताने त्यातल्या कविता लिहिल्या आहेत. (मी स्वयंपाकघरात जाऊन करून पाहिलं. बोट भाजलं, आणि माझी एक ओळही पुरी झाली नव्हती.)

आर्मिटेज याच गावचा. जन्म २६ मे १९६३, हडर्सफील्ड. वाढला इथून दहाबारा किलोमीटरवरच्या मार्सडेनमध्ये, आणि अजूनही याच टापूत राहतो. २०१९ पासून तो ब्रिटनचा राजकवी आहे. आपल्याकडे राजकवी म्हटलं की बडोद्याचे चंद्रशेखर नाहीतर ग्वाल्हेरचे तांबे आठवतात. दरबार गेले, ती पदंही गेली. इथे अजून चालू आहे. पगार वर्षाला ५,७५० पौंड आणि वर शेरी नावाच्या दारूच्या सहाशेक बाटल्या. पूर्वी ही नेमणूक मरेपर्यंत असे, १९९९ पासून ती दहा वर्षांची केली. या माणसाने आपलं मानधन निसर्गकवितेच्या पुस्तकांसाठी 'लॉरेल प्राइझ' सुरू करून त्यात घातलं. शेरीचं काय केलं, ते विचारणं बरं दिसत नाही.

मी मात्र त्याला ओळखत होतो ते वेगळ्याच वाटेने. मार्च २०२० मध्ये, जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, लेकीने नागपूरला एक कविता पाठवली होती. नाव 'लॉकडाउन'. इंग्रज राजकवीने लिहिलेली, आणि अर्ध्यावर गेल्यावर तिच्यात चक्क आपला यक्ष! कालिदासाचा, मेघदूतातला. मी तेव्हा खुर्चीतून उठलोच. नागपूरच्या माणसाला यक्ष म्हणजे गाववाला. रामटेक आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. मेघदूतातला रामगिरी तो हाच, हे महामहोपाध्याय मिराशींनी पुराव्यांनी मांडलं आणि आम्ही ते मनापासून मान्य करून टाकलं. दुसरे कोणी दुसरा डोंगर दाखवतात, तिकडे आम्ही लक्ष देत नाही.

तर या खेपेला ठरवलं की कवीची गावं पाहायची. घर शोधत फिरायचं नाही. माणूस जिवंत आहे, त्याला जेवू द्यावं. सोबतीला नात. तिला सुट्टी, मला पेन्शन.

दुपारी गावात चक्कर मारली. स्टेशनची इमारत एखाद्या राजवाड्याला लाजवेल अशी, पुढे खांबांची ओळ, आणि चौकात हॅरॉल्ड विल्सन या गावच्याच पंतप्रधानाचा पुतळा, लगबगीने गाडी पकडायला निघाल्यासारखा. जवळच बायरम आर्केड म्हणून जुनी छताखालची दुकानांची गल्ली आहे. ऐंशीच्या दशकात पीटर सॅन्सम नावाचा कवी या गावात कविता लिहिणाऱ्यांच्या बैठका घ्यायचा. तरुण आर्मिटेज तिथे जाऊ लागला आणि त्याची पहिली छोटी पुस्तिका तिथूनच निघाली. साहित्याच्या पदवीचं म्हणाल तर ती नाहीच. पोर्ट्समथला तो भूगोल शिकला. त्या पुस्तिकेचं नावसुद्धा 'ह्यूमन जिऑग्राफी', म्हणजे मानवी भूगोल. भूगोल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२५ जून, बुधवार. मार्सडेन

सकाळची एक गाडी रद्द झाली, दुसरी खच्चून भरून आली. नात वैतागली. मी दादरला लोकलमध्ये चढलेला माणूस, मला काही वाटलं नाही.

मार्सडेन म्हणजे वाटीच्या तळाशी सांडलेलं गाव. चहूकडून मूर. मूर म्हणजे काय ते सांगायला मराठीत शब्द नाही. आपलं माळरान कोरडं असतं, हे ओलं माळरान. वर काळी पीटची माती, कुजलेल्या शेवाळाचे हजारो वर्षांचे थर, पाय पडला की स्पंजासारखा दबतो. झाड औषधालाही नाही. जागोजागी पाट्या लावल्या आहेत: शेगडी पेटवू नका, सिगारेट टाकू नका. वरवर ओली दिसणारी ही जमीन कोरड्या दिवसांत पेट घेते आणि आतल्या आत धुमसत राहते. २०१९ मध्ये इथे मोठे वणवे लागले होते. यंदा तर जूनमध्येच यॉर्कशरमध्ये दुष्काळ जाहीर झाला आहे. इंग्लंडमध्ये दुष्काळ! वैदर्भीय माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही.

गावाची एक गोष्ट नातीने गाडीतच सांगितली. मार्सडेनच्या लोकांच्या लक्षात आलं की कोकीळ आली की वसंत येतो, कोकीळ गेली की तोही जातो. मग त्यांनी काय करावं? कोकिळेच्या घरट्याभोवती भिंत बांधायला घेतली, म्हणजे वसंत कायमचा राहील. भिंत बांधून होत आली आणि कोकीळ वरून उडून गेली. एकच थर कमी पडला हो, असं लोक म्हणाले. या फजितीचा हे लोक दर एप्रिलात उत्सव करतात. आपला पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडतो, तेव्हा त्याला डांबून ठेवायची अक्कल आपल्याला कशी सुचली नाही, कोण जाणे.

आर्मिटेजचं विनोदाचं अंग इथलंच असणार. त्याचा बाप गावातल्या पुरुषांच्या नाटकमंडळीसाठी प्रहसनं लिहायचा, नोकरी प्रोबेशन ऑफिसरची. मुलगाही तेच झाला. पोर्ट्समथहून परत येऊन मँचेस्टरला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, विषय होता टीव्हीवरची हिंसा आणि बालगुन्हेगार. आणि मग १९९४ पर्यंत मँचेस्टरच्या बाजूला प्रोबेशनची नोकरी. शिक्षा झालेल्या पोरांना भेटायचं, त्यांच्या घरी जायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि कोर्टाला अहवाल लिहायचा. पहिला संग्रह 'झूम!' १९८९ मध्ये आला, 'किड' १९९२ मध्ये. म्हणजे ती दोन्ही पुस्तकं दिवसा अहवाल लिहिणाऱ्या हातांची. मी स्वतः तीस वर्षं जिल्हा परिषदेत टिपणं लिहिली आहेत. त्यातून माझ्या हाताला फक्त 'सबब' हा शब्द लागला.

ऐकून घ्यायची ती सवय पुढे कुठे दिसते, तर नातीच्या वर्गात शिकवलेल्या दुसऱ्या कवितेत. नाव 'रिमेन्स'. बँक लुटून पळणाऱ्या एकाला बसऱ्यात गोळी घातलेला सैनिक बोलतो आहे. त्याच्या हातात हत्यार असेलही, नसेलही. हीच शंका पुन्हा पुन्हा येत राहते. सैनिक घरी परततो, डोळे मिटतो, तो माणूस पुन्हा समोर. २००७ मध्ये टीव्हीवरच्या 'द नॉट डेड' या माहितीपटासाठी आर्मिटेज युद्धावरून परतलेल्या सैनिकांचं बोलणं ऐकत बसला आणि त्यातून कविता केल्या. नातीला मी विचारलं, परीक्षेत काय लिहिलंस? म्हणाली, "पुनरुक्ती, मीटर, ओळीचं तुटणं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तो दारू पितो, पण त्याने काही होत नाही, हेही लिहिलं."

जेवून प्यूल हिल चढायला घेतली. या डोंगरावर पहिला दगड आहे, बर्फाचा.

दगडांचं प्रकरण असं. २०१२ मध्ये इल्कलीच्या साहित्य महोत्सवासाठी आर्मिटेजने सहा छोट्या कविता लिहिल्या आणि पिप हॉल या अक्षरकोरणाऱ्या बाईंनी त्या डोंगरावरच्या दगडांत कोरल्या. मार्सडेनपासून इल्कलीपर्यंत ४७ मैलांची वाट आहे, त्या वाटेवर सहा ठिकाणी. सहाही कविता पाण्याच्या: बर्फ, पाऊस, धुकं, दव, डबकं आणि ओढा. सातवाही एक दगड आहे म्हणतात, पण तो कुठे ते कोणी सांगत नाही. ज्याला सापडेल त्याचा.

अर्ध्या चढावर माझ्या उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. बूट याच प्रवासासाठी घेतले होते, दुकानदाराने "डोंगरासाठीच आहेत" असं सांगून दिलेले. नातीने डोक्याचं रबर काढलं, मग दुसरंही, आणि बूट असा बांधला की जणू चकलीच्या सोऱ्याला दोरी गुंडाळावी. केस मोकळे सोडून ती पुढे, मी मागून फटक फटक.

खाण सापडायला वेळ लागला. जुनी, कधीची बंद पडलेली, गिरणीच्या जात्यांना वापरतात त्याच जातीच्या भरड दगडाची. आत शिरलं की वारा एकदम थांबतो. आणि समोर अक्षरं. रंग नाही, चौकट नाही, पाटी नाही. कातळावरच खोल, काटेकोर कोरलेली. मी बोट घातलं. नखाच्या मुळापर्यंत गेलं. तळाशी बारीक वाळू आणि एक मेलेला किडा. म्हणे आभाळाने आपलं कोरं पत्र धाडलं आहे, मूर बेशुद्ध पडली आहे. जूनच्या उन्हात घामेजून मी बर्फाची कविता वाचत होतो आणि कोरं पत्र हे शब्द काही पुढे जाऊ देईनात. नागपूरला वीस वर्षं पोस्टमन आमच्या फाटकाशी यायचा, त्याचं 'काही नाही आज' ऐकलं की घर असंच पांढरं व्हायचं.

खाली कालव्याचा बोगदा पाहिला. स्टँडेज, पाच किलोमीटर लांब, १८११ मध्ये खुला झाला. आत नाव ओढायला घोड्याची वाट नाही, म्हणून माणसं नावेवर उताणी पडून भिंतीला पाय लावून चालायची. उताणं पडून चालणं! बोगद्यातून डोंगर ओलांडून मँचेस्टरकडे जायचा तो त्यांचा रस्ता.

२६ जून, गुरुवार. ब्लॅकस्टोन एज

आज आषाढ शुद्ध प्रतिपदा. आषाढस्य प्रथमदिवसे. पावसाच्या दगडाला जायला याहून चांगला मुहूर्त कोणता? लेकीने अर्ध्या दिवसाची रजा काढून घाटमाथ्यावरच्या 'व्हाइट हाउस' नावाच्या पबपाशी सोडलं. नवे बूट, या वेळी नातीने स्वतः वाकवून पाहून घेतलेले.

वाट सपाट आहे. तलावाला पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेकडेने जाते. डावीकडे खाली रॉचडेल आणि सगळं लँकशर पसरलेलं, कापसाचा मुलूख. उजवीकडे मागे यॉर्कशर, लोकरीचा. अमेरिकेत यादवी युद्ध झालं तेव्हा तिकडचा कापूस आटला आणि या खालच्या गिरण्यांना वऱ्हाडचा, हिंगणघाटचा कापूस लागला. आमच्या पणज्यांची बोंडं इथे उतरली असतील. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, कुठेही गेलं की तुम्ही तिथे विदर्भ कसा काढता?" मी म्हटलं, पोट्टे, मी काढत नाही, तो निघतो.

हीच वाट पेनाइन वे. १९६५ मध्ये खुली झालेली, इंग्लंडचा कणा चढून स्कॉटलंडपर्यंत जाणारी, चारशे किलोमीटरहून लांब. बहुतेक लोक दक्षिणेकडून उत्तरेला चालतात, म्हणजे ऊन आणि वारा पाठीला. २०१०च्या उन्हाळ्यात आर्मिटेज उलटा चालला, स्कॉटलंडकडून घराकडे. खिशात पैसे घ्यायचे नाहीत, रोज संध्याकाळी मुक्कामाच्या गावात, कुणाच्या बैठकीत, पबमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे कविता वाचायच्या आणि शेवटी एक मोजा फिरवायचा. ज्याला जे वाटेल ते त्याने मोज्यात टाकायचं. 'वॉकिंग होम' या पुस्तकात ही सगळी वारी आहे. मला वाचताना आमच्या मोहल्ल्यातलं कीर्तन आठवलं. बुवांचा उत्तररंग संपला की आरतीचं ताट फिरायचं आणि पुढच्या रांगेतल्या बाया पदर चाचपायच्या. मोजा स्वच्छ होता की कसा, असा प्रश्न लेकीला पडला. बायकांना बरोबर असलेच प्रश्न पडतात.

याच डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर मिथमरॉइड आहे. टेड ह्यूज तिथे जन्मला, १९३० मध्ये. तोही पुढे राजकवी झाला. मार्सडेनच्या शाळेतल्या पोराने ह्यूज वाचला आणि त्याला कळलं की आपल्याच शेजारच्या दरीतला माणूस आपल्याच पावसाबद्दल लिहितो आणि ते पुस्तकात छापून येतं. ही गोष्ट आर्मिटेज नेहमी सांगतो. मला त्यातलं 'शेजारच्या दरीतला' हे महत्त्वाचं वाटतं. आपल्या बोलीत, आपल्या चिखलात कविता असते हे कुणीतरी आधी करून दाखवावं लागतं.

पाऊण तासाने काउज माउथची खाण आली. तीनचार पोरं दोर लावून कातळ चढत होती. त्यांच्या बाजूलाच, वाटेवरून हात लांब केला तर पोचेल असा पावसाचा दगड. आणि पाऊस? नाव नको. वर ढग होते, चांगले घरंदाज काळे, पण सगळे चाललेले. पाटात पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं.

नातीने मोठ्याने वाचली. मी तिला म्हटलं, मराठीत सांग. ती अडखळत म्हणाली, "आनंद माना या... गोड्या पाण्याच्या अश्रूंचा. हा एकेक थेंब आधी समुद्रातली खारट गोळी होता. बंदुकीची गोळी, आबा, खायची नाही. तिला लाटांमधून वर उचललं, मग धुतलं, चाळलं..." इथे तिचा चाळण आणि गाळण यांत घोळ झाला, मी म्हटलं दोन्ही चालेल, "आणि मऊ मणी करून परत दिलं."

बघा, भूगोल आला. जलचक्र आहे हे. पाचवीच्या पुस्तकात बाणांची आकृती असते, तीच. पण धुणं आणि चाळणं घातल्यावर ती घरातली झाली. आणि मला पुन्हा कालिदास आठवला. मेघदूतात सुरुवातीलाच तो स्वतःच टोकतो: अहो, ढग म्हणजे काय तर धूर, तेज, पाणी आणि वारा यांचं गाठोडं. त्याच्या हाती निरोप कसला देता? पण विरहाने वेड्या झालेल्याला सजीव-निर्जीव कळत नाही, म्हणून यक्ष देतो. ढग कशाचा होतो हे दोघांनाही नीट माहीत आहे. माहीत असून दोघं त्याच्याशी बोलतात.

मी पिशवीतून डबा काढला. लेकीने सांबारवडी करून दिली होती. (पुण्याकडच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. वाद नको.) एका चढणाऱ्या पोराला दिली. त्याने ती दोरासकट लोंबकळत खाल्ली आणि आणखी एक मागितली.

२७ जून, शुक्रवार. लीड्स

गुडघे बोलू लागले, म्हणून आज फार काही नाही. लीड्सच्या विद्यापीठात आर्मिटेज कवितेचा प्राध्यापक आहे. त्याआधी २०१५ ते २०१९ ऑक्सफर्डला त्याच नावाच्या मानाच्या पदावर होता. विद्यापीठाच्या पांढऱ्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली बसून आइस्क्रीम खाल्लं. या शहरात राष्ट्रीय काव्यकेंद्र उभं करायची कल्पनाही त्याचीच. राजकवी झाल्यावर त्याने आणखी एक छान खूळ काढलं: देशातल्या ग्रंथालयांत जाऊन कविता वाचायच्या, आणि गावं घ्यायची ती वर्णानुक्रमाने. पहिल्या फेरीत 'ए' आणि 'बी'ची गावं, मग पुढची अक्षरं. मोठ्या शहराचा मान नाही, मंत्र्याच्या मतदारसंघाचा मान नाही. नुसती बाराखडी.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'झूम!' मिळालं. कुणीतरी शाळेत वापरलेलं, समासात पेन्सिलीने 'का?' असं विचारलेलं, नीट गोल अक्षरात, पाचसहा ठिकाणी. शीर्षककविता एका टोकाच्या घरापासून सुरू होते आणि गल्ली, गाव करत करत विश्वापर्यंत फुगत जाते. लहानपणी आपण वहीवर पत्ता लिहायचो ना, महाल, नागपूर, महाराष्ट्र, भारत, पृथ्वी, सूर्यमाला. तीच गंमत. त्या पानावरही 'का?' होतं. मी खाली 'का नाही?' लिहिणार होतो, नातीने पेन काढून घेतलं.

२८ जून, शनिवार. इल्कली

सहापैकी तीनच दगड मी पाहिले, हे आधीच कबूल करतो. धुक्याचा आणि दवाचा राहिले. डबक्याचे दगड रॉम्बल्ड्स मूरच्या माथ्यावर आहेत, तिथे जावई आणि नात चालत गेले. ते दगड जमिनीवर आडवे टाकलेले आहेत, म्हणजे पाऊस साचून त्यांच्यावरच डबकं व्हावं. पोरीने फोटो पाठवला: कोरडे ठणठणीत, त्यावर तिची पाण्याची बाटली. खाली लिहिलं होतं, "आबा, मी थोडं ओतलं."

मी खालून ओढ्याच्या कडेने गेलो. इल्कली मूर या लोकांच्या गळ्यातलं ठिकाण आहे. टोपी न घालता मूरवर गेलास तर थंडीने मरशील, मग तुला किडे खातील, किड्यांना बदकं खातील आणि बदकांना आम्ही, असं इथलं लोकगीत आहे आणि ते लोक लग्नातसुद्धा गातात. मी माकडटोपी नेली होती. वर जुन्या, फार जुन्या दगडांवर वाट्या आणि वर्तुळं कोरलेली सापडतात, हजारो वर्षांपूर्वीची. कशासाठी, कुणाला माहीत नाही. म्हणजे या डोंगरावर दगडात लिहिणारा आर्मिटेज पहिला नव्हे.

बॅकस्टोन बेकमधला दगड शेवटचा. ओढ्यातच आहे. पाणी भरपूर असलं की त्याच्या अंगावरून जातं. आज एक बारीक धार बाजूने चालली होती, कोपऱ्यात जरा गुणगुणत. अक्षरांवर हिरवट बुरशी धरली आहे, दोनचार अक्षरं तर तिने गिळलीच. कधीतरी ओढा ही कविता झिजवून टाकणार हे कोरणाऱ्यांना ठाऊक असणारच. बूट काढून पाण्यात पाय सोडून बसलो. लांब वाकड्या चोचीचा एक कर्ल्यू पक्षी वरून शीळ घालत गेला. तासभर कोणी आलं नाही. या तासाबद्दल लिहायला काही नाही, पण या पाच दिवसांत तोच मला सगळ्यांत जास्त आवडला.

२९ जून, रविवार. ईम

नाव लिहितात एक आणि म्हणतात ईम. डर्बीशरमधलं डोंगरातलं गाव. आज सगळे गाडीने निघालो. लेक पुढे बसून 'लॉकडाउन' मोठ्याने वाचत होती.

१६६५च्या सप्टेंबरात लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. ओलसर होतं म्हणून चुलीसमोर वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या, पिसवांत प्लेग. आठवड्याभरात शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स गेला, मग एकेक घर. पुढच्या जूनमध्ये तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन याने गावाला विनवलं की रोग बाहेर नेऊ नका, गावाची शीव बंद करा. आणि लोकांनी ऐकलं. अडीचशेच्या वर माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. पाद्र्याची बायको कॅथरीन ऑगस्टमध्ये गेली. तिचं थडगं चर्चच्या अंगणात आहे, त्यावर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. आमच्यापैकी कोणी बोललं नाही. २०२१च्या एप्रिलात माझा धाकटा भाऊ नागपूरला मेडिकलच्या इस्पितळात वारला, तेव्हा लेक इथेच अडकली होती आणि तिने ते सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं.

शीवेचा दगड गावाबाहेर, स्टोनी मिडलटनकडे उतरणाऱ्या पायवाटेवर शेतात आहे. कमरेएवढाही नाही. वर सहा खळगे. गावकरी त्यांत व्हिनेगर भरून नाणी टाकत, बाहेरचे लोक धान्य ठेवून नाणी उचलत. खळगे आत इतके गुळगुळीत आहेत की साडेतीनशे वर्षांच्या बोटांनी ते घासले असणार. नातीने एकात वीस पेन्सचं नाणं ठेवलं. तिथे आधीच चारपाच होती, आणि एक बटण.

कवितेत हा दगड आहे, पिसवा आहेत, आणि शिवेच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांकडे नुसतं पाहणारे एमट सिडल आणि रोलंड टोर आहेत. ती ईमची, तो शेजारच्या गावचा. एक दिवस ती यायची बंद झाली. मग कवितेत झोप लागते, आणि स्वप्नात तो हद्दपार यक्ष येतो. ढगाला अडवून बायकोसाठी निरोप देतो. ढग निघतो, उंटांच्या वाटा, बांबूची बनं, बर्फाच्या टोप्या घातलेली शिखरं बघत बघत. प्रवास लांबचा, जड, आणि तसाच असायला हवा, असं म्हणून कविता थांबते. २१ मार्च २०२० रोजी ती छापून आली. कुसुमाग्रजांनी, बोरकरांनी, शांताबाईंनी मेघदूत मराठीत आणलं, आम्ही ते पाठ केलं. पण घरात कोंडलेल्या जगाला सांगायला इंग्रजांच्या राजकवीला पहिल्याच झटक्यात तो आठवावा, याचं मला अजून नवल वाटतं. राणी गेली तेव्हा त्याने लिहिलेल्या कवितेत ओळींची पहिली अक्षरं जोडली की एलिझाबेथ होतं, दोन कडवी, दोनदा. ते कसबाचं काम, दरबारी कामगिरी. हे तसं नव्हे. हे मागितलेलं नव्हतं.

दगडापाशी बसून मी नागपूरला बायकोला फोन लावला. तिचे गुडघे माझ्याहून वाईट, म्हणून ती या वेळी आली नाही. तिकडे संध्याकाळ. म्हणाली, पंढरपूरची दिंडी टीव्हीवर बघत बसले आहे, आणि तुम्ही गोळ्या घेतल्या का? मी म्हटलं, तिकडे आभाळ कसं आहे?

"आलंय भरून," ती म्हणाली. "तिकडचं कसं आहे?"

मी वर पाहिलं. पूर्वेकडे सरकत होता एक, बराच मोठा. म्हटलं, पाठवतोय.

"काय पाठवताय?"

रेंज गेली. नात नाणं परत उचलावं की राहू द्यावं, यावर तिच्या बापाशी वाद घालत होती.